दारू, एमडी आणि आपण: क्वीअर माणसांकडून सतत येणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत फोनवर, मेसेजमध्ये, कधी मीटिंग संपल्यावर जिन्यात उभ्याउभ्या क्वीअर (गे, लेस्बियन, ट्रान्स अशा आपल्या) लोकांनी मला दारू आणि एमडी या ड्रगबद्दल जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. मी दारू सोडलेला गे माणूस आहे. डॉक्टर नाही, वकीलही नाही. औषधांचा निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्या. विचारणाऱ्यांची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे.

१. मी फक्त शनिवार-रविवारी पितो, कामावर कधी पिऊन गेलो नाही. मग मी व्यसनी कसा?

वारांवरून ठरत नाही. दोन पेगचं ठरवून गेलात आणि बाटली संपवून उठलात, असं किती वेळा होतं? बंद करायचं ठरवून किती वेळा मोडलं? सकाळी हात थरथरतात का? काल रात्रीचा एखादा तुकडा आठवतच नाही, असं होतं का? आणि आपल्या माणसांना मी मुद्दाम विचारतो तो प्रश्न: प्यायल्याशिवाय एखाद्या पुरुषाला, एखाद्या बाईला जवळ घेता येतं का तुम्हाला? मला येत नव्हतं. बारा वर्षं मला वाटत होतं की मी लाजाळू आहे.

मदत मागायला 'व्यसनी' हे नाव स्वतःला लावून घ्यावं लागत नाही. पिण्याची काळजी वाटते, एवढं कारण पुरतं.

२. आपल्या लोकांत व्यसन जास्त असतं म्हणतात. आपल्यातच काही बिघाड असतो का?

बिघाड नसतो. लहानपणापासून आवाज, चाल, नजर सांभाळत जगणाऱ्या माणसाच्या अंगावर सतत ताण असतो. इलान मेयर या अमेरिकी अभ्यासकाने २००३ साली याची मांडणी केली. अल्पसंख्य असल्याचा हा ताण रोजच्या ताणावर जादा येऊन बसतो आणि तब्येत पोखरतो, असं त्यांचं म्हणणं. दारू तो ताण दोन तास उतरवते, म्हणून ती इतकी पटकन आवडते. त्यात आपल्या भेटण्याच्या जागाही बार, खासगी पार्टी आणि कुणाची तरी रिकामी खोली याच राहिल्या. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, पण घरातल्या जेवणाच्या ताटावर बसलेली भीती त्या दिवशी उठून गेली नाही.

उपचारांची तूट मात्र सगळ्यांनाच आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. त्या अडतिसात आपला माणूस असेल, तर केंद्राच्या दारात त्याला आणखी एक भीती असते. तिच्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

३. व्यसनमुक्ती केंद्रात मी गे असल्याचं सांगावंच लागेल का?

नाही. दाखल होताना ही माहिती कुणी सक्तीने मागू शकत नाही.

पण माझा अनुभव सांगतो. पहिल्यांदा दाखल झालो तेव्हा गटात शेअरिंग करताना मी 'तो सोडून गेला'च्या जागी 'ती सोडून गेली' म्हणत होतो. मराठीत प्रत्येक क्रियापद चुगली करतं. 'आला'ची 'आली', 'म्हणाला'ची 'म्हणाली' करत चार आठवडे मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून बोललो. माझं पिणं ज्या गोष्टीभोवती फिरत होतं, तीच कुणाला कळली नाही. बाहेर आल्यावर अकराव्या दिवशी प्यायलो.

म्हणून माझं मत असं: गटात नाही सांगितलंत तरी चालेल, पण एका समुपदेशकाला सांगा. त्याआधी चाचपून बघा. 'तुमच्याकडे समलिंगी पेशंट आले आहेत का, त्यांच्याशी तुम्ही कसं बोलता?' असा प्रश्न फोनवर, नाव न सांगता विचारता येतो. उत्तरातला सूर ऐकला की पुरेसं कळतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम २३नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि दारू व ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास या कायद्यात धरलेले आहेत.

४. डॉक्टर म्हणाले, 'आधी ही सवय सोड, लग्न कर, दारू आपोआप सुटेल.' ते बरोबर आहे का?

साफ चूक आहे. अशा डॉक्टरकडून उठून या.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९०मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८मध्ये हा आजार नसल्याचं जाहीर केलं. लैंगिकता 'बदलण्याचे' उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. त्यामागे मद्रास उच्च न्यायालयाचा २०२१चा आदेश होता. राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८प्रमाणे लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही.

लग्नाचा सल्ला ऐकून लग्न केलेले पुरुष माझ्या ओळखीत आहेत. त्यांची दारू सुटली नाही, आणि एका बाईचं आयुष्य त्यात फुकट ओढलं गेलं.

५. केंद्रात जायचं नाही. खोलीत कोंडून घेऊन चार दिवसांत एकदम बंद करतो. चालेल ना?

रोज भरपूर पीत असाल तर नको. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत माणूस भ्रमात जाऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, दिवस-वार कळत नाही, ताप चढतो. यात जीव जातो. अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊन एकदम थांबवल्या तरी असाच धोका असतो. गर्दची (ब्राऊन शुगर) टर्की, म्हणजे सोडतानाचा त्रास, अतिशय वेदनेची असते, पण तिने जीव जाण्याचा धोका त्यामानाने कमी, आणि तिच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध सरकारी ओएसटी केंद्रांत (गर्दऐवजी औषध देणारी केंद्रं) मोफत मिळतं.

हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवसांत पार पडतो. सौम्य त्रास असेल तर ओपीडीतूनही होतो, भरती व्हावंच लागतं असं नाही. एकटे राहत असाल, पूर्वी फिट आली असेल, तर मात्र भरतीच. आपल्यातले बरेच जण एकटे राहतात, म्हणून हे सांगतो आहे.

६. अ‍ॅपवर 'हाय फन' (नशेत सेक्स) लिहिलेल्यांनाच भेटतो. एमडीशिवाय आता सेक्स जमतच नाही. यातून बाहेर येता येतं का?

येतं. पण ते दारू सोडण्यापेक्षा वेगळं काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एमडी म्हणजे मेफेड्रोन, म्याव म्याव. २०१५पासून ते अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली आहे. एमडी आणि क्रिस्टल (मेथ) दोन्ही मेंदूतलं डोपामाइन एकदम उसळवतात. लाज, शरीराचा न्यूनगंड, पकडले जाण्याची भीती सगळं गळून पडतं. रात्र दोन दिवस चालते. मंगळवार-बुधवारपर्यंत मात्र मन तळाला जातं, रडू येतं, मरणाचे विचार येतात. तो भाग अ‍ॅपवर कुणी लिहीत नाही. मरणाचे विचार आले तर मंगळवार सरायची वाट पाहू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ला, लगेच फोन करा.

सोडल्यावर पहिले काही आठवडे, कधी काही महिने, सेक्स बेचव वाटतो. शरीर साथ देत नाही. इथेच बहुतेक जण परत फिरतात, कारण त्यांना वाटतं की आता हे असंच राहणार. मेंदूला सावरायला वेळ लागतो, आणि तो सावरतो. दारू आणि गर्दसाठी आहेत तशी या ड्रग्जची ओढ थांबवणारी ठरलेली गोळी नाही. उपयोग होतो तो नियमित समुपदेशनाचा. पहिले काही महिने अ‍ॅप फोनमधून काढा, पुरवणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा, शुक्रवारची संध्याकाळ कुणाबरोबर तरी बांधून ठेवा. समुपदेशकाशी सेक्सबद्दल उघड बोलता आलं नाही तर हे काम अर्धंच होतं. म्हणून या प्रश्नापुरतं तरी, तिसऱ्या उत्तरातली चाचपणी आधी करा.

अजून सुटत नसेल तर जीव तरी वाचवा. सुई कुणाचीही वापरू नका. 'जी' (जीएचबी हे द्रव ड्रग) आणि दारू एकत्र कधीच नाही, श्वास थांबतो. पॉपर्सबरोबर (हुंगायचं नशेचं द्रव) व्हायग्रा जातीची गोळी नाही, रक्तदाब कोसळतो. हेपटायटिस सीची तपासणी करून घ्या: २०१८पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची औषधं सरकारी रुग्णालयात मोफत आहेत आणि बहुतेकांचा आजार पूर्ण बरा होतो. दोन-तीन रात्री झोप नाही, कुणी पाठलाग करतंय असं वाटतं, आवाज ऐकू येतात, असं झालं तर थेट रुग्णालय गाठा.

७. पार्टीत एक जण बेशुद्ध पडला. पोलिसांच्या भीतीने सगळे पळाले. काय करायला हवं होतं?

१०८ किंवा ११२ला फोन. श्वास चालू असेल तर माणसाला कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. 'झोपू दे, उतरेल' म्हणून खोलीत एकटं सोडायचं नाही. डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगायचं. त्या एका वाक्यावर उपचार ठरतो.

भीती खोटी नाही. सेवन हाही एनडीपीएसच्या कलम २७खाली गुन्हा आहे, आणि अशा वेळी रुग्णालय पोलिसांना कळवू शकतं. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घ्यायला गेली, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. विक्री करणाऱ्यासाठी ते नाही. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००.

८. सकाळी जागा झालो, रात्रीचं आठवत नाही, पण काहीतरी झालंय हे कळतं. मी हो म्हटलं होतं का तेही माहीत नाही.

बेशुद्ध माणूस हो म्हणू शकत नाही. चूक तुमची नाही, तुम्ही काहीही घेतलेलं असलं तरी.

आधी घड्याळ बघा. एचआयव्ही रोखणारी पेप औषधं ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं चांगलं, सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात किंवा एचआयव्हीचं काम करणाऱ्या डॉक्टरकडे जा. उपचारासाठी पोलीस तक्रारीची वाट बघायची गरज नाही. तक्रार करायची शक्यता असेल तर आंघोळ करू नका, कपडे कागदी पिशवीत ठेवा.

कायद्यातली एक पोकळी माहीत असावी. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतल्या ३७७सारखं कलम नाही. सज्ञान पुरुषावरचा बलात्कार तिच्यात वेगळा गुन्हा म्हणून नाही. दुखापत, डांबून ठेवणं, धमकी ही कलमं लागू होतात. ट्रान्स व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला २०१९च्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं इतकीच शिक्षा आहे. हे अन्यायकारक आहे, आणि ते बदलावं म्हणून आपण बोलत राहिलं पाहिजे.

९. एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत. प्यायल्यावर त्या दिवशीची गोळी टाळू का?

टाळू नका. दारूपेक्षा चुकलेल्या गोळ्यांचा तोटा मोठा. विषाणूला औषधाची सवय लागते. एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) सहसा मिळणाऱ्या डोल्युटेग्राविरच्या एकत्र गोळीबरोबर अधूनमधून घेतलेल्या दारूची थेट झुंज होत नाही. मात्र गोळ्यांमध्ये रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असेल तर क्रिस्टल, एक्स्टसी, केटामाइन, 'जी' यांची पातळी रक्तात धोकादायक वाढू शकते. डॉक्टरांना नशेबद्दल सांगायची लाज वाटते हे मला कळतं. तरीही सांगा.

१०. मी ट्रान्स स्त्री आहे. केंद्रवाले म्हणतात पुरुषांच्या वॉर्डात राहा आणि केस काप.

केस कापण्याची सक्ती करता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २०मध्ये सक्तीने मुंडण न होण्याचा आणि स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क शब्दशः लिहिलेला आहे. ही दोन वाक्यं पाठ करून ठेवा. २०१९च्या ट्रान्सजेंडर कायद्याने आरोग्यसेवेतला भेदभाव मनाई केला आहे. तरी वॉर्डाचा प्रश्न प्रत्येक केंद्रात आधी विचारूनच जा: झोपण्याची जागा कुठे, बाथरूमला आतून कडी आहे का, रात्री कोण असतं. वेगळी खोली मिळत नसेल तर ओपीडी आणि रोजचं समुपदेशन हा रस्ता जास्त सुरक्षित.

हार्मोन चालू असतील तर ते परस्पर बंद करू देऊ नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा. इस्ट्रोजेन आणि सिगारेट एकत्र असताना रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. सगळं एकदम सोडता आलं नाही तरी तंबाखूबद्दलही त्याच वेळी विचारा.

११. मी हिजडा समाजात, गुरूच्या घरात राहते. प्यायल्याशिवाय धंद्यावर उभं राहवत नाही. पिणं सोडलं तर खायचं काय?

हा प्रश्न मला सर्वांत जड जातो. सोडायला सांगणारे सोपं बोलतात. थंडीत हायवेवर उभं राहणं, गिऱ्हाइकाची मारहाण, पोलिसांची दमदाटी हे शुद्धीत सहन करा असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

जिथे काही हललेलं मी पाहिलं, तिथे सुरुवात गुरूपासून झाली. गुरूने घरात दुपारची बाटली बंद केली की चेल्यांची अर्धी होते. पगारी काम मिळालं की उरलेली कमी होते. 'गरिमा गृह' या केंद्र सरकारच्या योजनेत ट्रान्स व्यक्तींना निवारा आणि प्रशिक्षण आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४पासून काम करतो, गौरी सावंत यांचं सखी चारचौघी आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट उभा केला. अशा ठिकाणी निदान 'तू आधी माणसासारखं राहा' असं ऐकावं लागत नाही. आधी धंद्यावर जाण्यापूर्वीची क्वार्टर कमी करा, पोटात जेवण ठेवा, एकटीने उभं राहू नका. एवढंही काम आहे.

१२. आम्ही दोघी बायका एकत्र राहतो. ती पिते. बायकांसाठी काही आहे का?

आहे, पण कमी. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. बायकांचं पिणं दारामागे चालतं, त्यामुळे मदत उशिरा मागितली जाते, आणि यकृताला त्रास पुरुषांपेक्षा लवकर होतो. दाखल करताना 'तुम्ही कोण?' हा प्रश्न येईल. त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात.

१३. आमचं लग्न कायद्याने मान्य नाही. जोडीदाराच्या उपचारात माझं म्हणणं कोण ऐकणार?

२०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क दिला नाही, हे खरं. पण मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १४ लग्न मागत नाही. कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, स्वतःच्या सही किंवा अंगठ्यासह, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. त्यात जोडीदाराचं नाव घालता येतं. हा कागद नसेल तर क्रम नातेवाइकांपासून सुरू होतो. म्हणजे ज्या भावाने घराबाहेर काढलं, तोच सही करायला येतो.

आज, शुद्धीत असताना लिहून ठेवा. दोन प्रती करा, एक जोडीदाराकडे द्या.

१४. घरच्यांना माझ्याबद्दल कळलं. 'व्यसनी आहे' म्हणून मला केंद्रात डांबतील अशी भीती आहे.

असं घडतं. दारू निमित्त असते. मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे सज्ञान माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवायचं तर मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एका तज्ज्ञाने स्वतंत्रपणे तपासावं लागतं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजेचा धोका, किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, असं गंभीर कारण लागतं. सुरुवातीची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. समाजाच्या नीतिकल्पनांशी जुळत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, हे कलम ३ सांगतं. स्वेच्छेने दाखल झालेला माणूस सुट्टी मागू शकतो.

भीती असेल तर तेराव्या उत्तरातला कागद आजच करा, विश्वासू मित्राला रोज एक मेसेज पाठवायचं ठरवा. मेसेज आला नाही तर त्याने वकिलामार्फत उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टासमोर आणा असा अर्ज, करायचा.

१५. मी आई आहे. मुलगा तसा आहे आणि पितोही. जेवणात औषध मिसळून दारू सुटते म्हणतात, देऊ का?

ताई, कृपा करून देऊ नका. ते औषध बहुधा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू घेतली की उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावू शकतो. रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच ते देतात. शिवाय घरच्या जेवणावरचा त्याचा विश्वास गेला तर तो कुठे जेवेल?

तुम्ही 'तसा' म्हणून थांबलात. एकदा त्याच्यासमोर तो शब्द पूर्ण उच्चारा. नातेवाइकांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंग असतात, तिथे तुम्ही स्वतःसाठी जा.

१६. ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचे गट) मीटिंगमध्ये सगळे संसारी पुरुष असतात. मला घेतील का?

१९३५मध्ये सुरू झालेल्या ए.ए.ची तिसरी परंपरा सांगते की सभासद व्हायला दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट आहे. नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसचंही तसंच. फी नाही, नाव विचारत नाहीत. गटागटात फरक असतो, म्हणून तीन-चार गट फिरून बघा. पहिल्या दिवशी शेअर करायची सक्ती नाही. तिथे वापरला जाणारा 'उच्चशक्ती'चा शब्द अडत असेल, कारण देवाच्या नावाने आपण पुष्कळ ऐकून घेतलेलं असतं, तर गटालाच ती शक्ती समजणारे अनेक जण आहेत. मी त्यातलाच.

घसरलात तर परत जा. घसरणं हा आजाराचा भाग असतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

१७. माझं वय १७ आहे. घरी न सांगता कुणाशी बोलू शकतो?

फोनवर, हो. टेली-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, दोन्ही मोफत. एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७. दाखल व्हायचं तर मात्र १८ वर्षांखाली पालकाची सही लागते. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असू दे: १८ खालच्या कुणाचेही लैंगिक संबंध, ते राजीखुशीने असले तरी, कळल्यावर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. समुपदेशकालाही. म्हणून पहिल्या फोनवर पिण्याबद्दल, झोपेबद्दल, घरातल्या वातावरणाबद्दल बोल. पण तुझ्यावर कुणी मोठा माणूस जबरदस्ती करत असेल, तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ला, फोन कर आणि सगळं सांग.